बाबांच्या पलंगाचं टेबल

"आले पाह्य तुझे बाबा," आई म्हणायची आणि भाजी निवडता निवडता थांबायची.

दुपारची वेळ. जेवणं झालेली, कूलर घरघरत असलेला, बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. अशा वेळी मधल्या खोलीतला पलंग करकरायचा. एकदा लांब, मग एकदा आखूड. कूस बदलताना माणूस आधी अंग टाकतो आणि मग सैल सोडतो, तसा. पलंगावर कोणी नसायचं. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि माझं डोकं लवकर तापतं, हे दोन्ही आधीच सांगून टाकलेलं बरं. "आई, लाकूड आहे ते," मी म्हणायची. "कूलरच्या ओलीनं फुगतं, उन्हानं आकसतं. उशाकडचा सांधा ढिला झालाय, तो वाजतो." आई सगळं ऐकून घ्यायची. मग उठायची, मधल्या खोलीत जायची, चादर सारखी करायची, पंखा एक नंबर वाढवायची आणि परत येऊन भाजी निवडायला बसायची. रिकाम्या पलंगावर पंखा! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

पलंग सागवानी, एकाच माणसापुरता. बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात पाळ्या करायचे. पाळीच्या माणसाची दुपारची झोप म्हणजे घरात सगळ्यांनी पाऊल न वाजवता चालायचं. त्यात त्यांची पाठ गेली आणि डॉक्टरांनी गादी बंद करून फळीवर झोपायला सांगितलं. तेव्हा त्यांनी हा पलंग करवून घेतला, खाली जाड सलग फळ्या, उशाकडे उंच दोन खांब. आई शेजारी खाली सतरंजी टाकून झोपायची. दोघांचा पलंग आमच्या घरात कधी नव्हताच.

त्याच पलंगावर बाबा दुपारचे झोपलेले गेले.

तेरवीच्या आधी गुरुजी आले आणि शय्यादानाचं बोलले. गेलेल्या माणसाच्या नावानं खाट, गादी, उशी, छत्री, चप्पल असं द्यायचं. जे इथे देतो ते त्याला तिकडे मिळतं, अशी समजूत. माझा भाऊ म्हणाला, "बाबांचाच पलंग देऊन टाकू." तो बुटीबोरीला कारखान्यात आहे, तिकडेच राहतो, मोकळ्या मनाचा. पण आई भिंतीला टेकून बसली होती ती एकदम ताठ झाली.

"येडं लागलं का गा तुले? सागवान आहे तो! असं लाकूड आता पाहाले भेटन का? फोल्डिंग आण बाजारातून."

नागपूरच्या माणसाचा सागवानावर जीव असतो, कोणाचा सोन्यावर असतो तसा. नवरा जाऊन दहा दिवस झाले नव्हते तरी आईला पलंगाचं लाकूड दिसलं. आम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट बरं वाटलं की आई कशाबद्दल तरी तावातावानं बोलली. भावानं लोखंडी पाइपांची, पट्ट्यांची फोल्डिंग खाट आणली. गुरुजींनी ती ई-रिक्षावर उभी लावली, वर गादीची वळकटी. "चालते जी, हेच बरं," ते म्हणाले, "आमचा जिना लय अरुंद आहे."

पलंग करकरायला लागला तो त्यानंतर. म्हणजे आधीही करकरत असेल, पण आधी त्यावर बाबा असायचे. आईनं काही दिवस नुसतं ऐकलं आणि मग एका दुपारी स्वतःशी निकाल लावून टाकला.

"त्याईले तिकडे झोप नाही लागत," ती म्हणाली. "फोल्डिंग मधात खोलगट होते. त्याईची पाठ... म्हणून झोपाले इकडे येतेत."

"आई, काहीही काय बोलतेस?"

"मीच म्हटलं ना फोल्डिंग आणा. माह्यामुळं झालं हे."

हे एकदा डोक्यात बसलं आणि आईची झोप उडाली. दुपारी पडायची नाही, रात्री सतरंजीवर डोळे उघडे ठेवून पडायची. चेहरा उतरला, पोलकं ढिलं व्हायला लागलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या तिनं तुळशीच्या कुंडीत पुरल्या, मला पाणी घालताना सापडल्या. मी भांडले. घसा बसेपर्यंत भांडले. आणि एका दुपारी तिला खोटं पाडायचं म्हणून कूलर बंद केला, पंखा बंद केला, मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. घामाच्या धारा लागल्या होत्या. बराच वेळ काही नाही. "बघ!" म्हणायला मी मान वळवली आणि पलंग वाजला. लांब, मग आखूड. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी उठले. कूलर सुरू केला.

तेव्हा मी ठरवलं की हा पलंग घरातून गेला पाहिजे.

भाऊ फोनवर म्हणाला, "विकून टाक ना वं. मोबाइलवर फोटो टाक, उद्या घेऊन जातीन." टाकला. उमरेडहून एक जोडपं आलं. त्या माणसानं फळीवर बोटानं ठोकून पाहिलं, बायकोकडे बघून मान हलवली, सौदा जमल्यातच जमा होता. तेवढ्यात आई पाण्याचे पेले घेऊन आली आणि म्हणाली, "चांगला पलंग आहे. याच्यावरच गेले आमचे." झालं! पाण्याला हातही न लावता दोघं निघून गेली. मी आईवर ओरडले तर म्हणते, "मंग काय खोटं बोलून विकू? त्याईच्या घरी जाऊन झोपले ते, तर?"

गुरुजींना फोन केला. वर्षश्राद्धाला हाच पलंग घ्या म्हटलं. ते बिचारे ओशाळले. "मॅडम, घेतलाच असता जी, पण तो अख्खा पलंग आमच्या जिन्यातून जात नाही. मी तेरवीलेच पाहून ठेवलं होतं."

मग गच्ची आठवली. आमच्या गच्चीवर बाबांचा लाकडाचा ढीग होता. कोणाचं घर पाडलं की बाबा तिथे हजर. दाराची चौकट, कूलरचं मोडलेलं स्टँड, शाळेनं फेकलेल्या बाकाच्या फळ्या, शिलाई मशीनची वरची फळी, सगळं सायकलवर आडवं बांधून आणायचे आणि निवडणुकीतल्या जुन्या फ्लेक्सखाली झाकून ठेवायचे. फ्लेक्सवरच्या नेत्याचा चेहरा उडून गेला, जोडलेले हात तेवढे राहिले. "एक कामाचं टेबल करू," बाबा म्हणायचे. "चांगलं भक्कम. मंग पाह्य घरात काय काय करतो मी." ते टेबल काही झालं नाही. टेबल नव्हतं म्हणून जे काही कापायचं ते पलंगाच्या कडेवर ठेवून, गुडघ्यानं दाबून कापायचे आणि आई शिव्या घालायची. पलंगाच्या पायथ्याच्या कडेला करवतीचे दात उमटलेले आहेत. लहानपणी मी त्या खाचांतून बोट फिरवत बसायची.

तर टेबल करायचं. बाबांच्या ढिगातलं लाकूड आणि बाबांचा पलंग, दोन्ही एकदाचं मार्गी लागेल. पलंग राहणार नाही म्हणजे आवाज राहणार नाही, आवाज नाही म्हणजे आई झोपेल. माझं गणित एवढं सरळ होतं. आईला सांगितलं तर ती लगेच "कर" म्हणाली. एवढ्या लवकर म्हणाली की मला थांबायला हवं होतं. पण मला कुठे थांबता येतं!

गल्लीतल्या सुताराला बोलावलं. त्यानं पलंगाला एक फेरी मारली, खांबाला हात लावला आणि विचारलं, "कोणाचा?" मी सांगितलं. त्यानं हात काढून घेतला. "मॅडम, दरवाजे सांगा, किचन सांगा, काहीही सांगा. मानूस गेला तो पलंग मी नाही कापत."

"मग मीच कापते," मी म्हटलं.

शाळेला उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या होत्या. बाबांची करवत, पटाशी, रंधा एका पोत्यात गुंडाळलेले होते, ते काढले. सकाळी ऊन चढायच्या आत चादर काढली, फळ्या एकेक करून काढल्या, सांध्यातल्या पाचरी ठोकून बाहेर पाडल्या. फळ्यांवर मधोमध एक काळपट चकाकी आली होती, बाबांच्या अंगाची, इतक्या वर्षांच्या घामाची. खांद्याजवळ रुंद, कमरेजवळ बारीक. मी त्यावरून ओलं फडकं फिरवलं, ती गेली नाही. "लाकूड आहे," मी मोठ्यानं म्हटलं आणि करवत लावली. करवत सरकेना, फळी नाचायला लागली.

"धरू का?" आईनं विचारलं. ती कधी येऊन उभी राहिली मला कळलं नव्हतं. तिनं फळीचं दुसरं टोक दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि मी कापलं. भुसा तिच्या पायांवर पडत होता. फळीचा तुकडा सुटला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "वास पाह्य कसा ताजा आहे."

त्या दुपारी घर एकदम गप्प होतं. मधल्या खोलीत पलंगाच्या जागी फरशीवर फिकट चौकोन उरला होता. आई त्या चौकोनाच्या कडेला, तिची सतरंजी नेहमी जिथे असायची तिथे, भिंतीला टेकून बसली. कूलर चालू होता. मी आडवी झाले, मला वाटलं आता हीही पडेल. ती बसूनच राहिली. चहाची वेळ झाली तरी बसूनच. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ताट पुढे ठेवलं तर तिनं वरणभाताला हात लावला नाही.

"आता काय झालं? पलंग नाही, आवाज नाही. झोप की आता!"

"आता कुठी झोपतीन वं ते?" आई म्हणाली.

माझं डोकं सटकलं. "मेले ते, आई! मेलेल्या माणसाला झोप लागत नाही. त्याला पलंग लागत नाही, काहीच लागत नाही!" शेजारच्या खिडकीत कोणीतरी पडदा सरकवला, इतक्या मोठ्यानं ओरडले मी.

आईनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. "त्या दिवशीही आवाज आला होता," ती म्हणाली. "मी साखरांब्याचा पाक ठेवला होता गॅसवर. पाक सोडून उठता येत नाही, तुले माहीत आहे. पलंग वाजला. मले वाटलं, कूस बदलून राहिले. म्हटलं, चला, झोप चांगली लागली. मंग पाक उतरवला, फोडी टाकल्या, हात धुतले. मंग गेली पाहाले."

हे तिनं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. त्या साखरांब्याची बरणी अजून वरच्या फळीवर होती, तोंडाला फडकं बांधलेली, कोणी उघडली नव्हती. मला वाटायचं विसरलो आपण.

"मंग रोज वाजाले लागला," आई म्हणाली, "तं मले वाटे, आहेत. आता मी ऐकून राहिली ना. आता हातातलं टाकून उठते ना मी."

मी एवढे महिने समजत होते की आई त्या आवाजाला भिते. भीत मी होते. आई पहाऱ्यावर बसली होती, आणि मी तिच्या पुढ्यातून तिचा माणूस कापून काढला होता. मी तिच्या पायाशी बसून रडले. ती माझ्या केसांतला भुसा काढत बसली, तोंडानं "उगी वं, उगी" चाललेलं, आणि मी पंचावन्न वर्षांची घोडी.

टेबल मग पुरं करायलाच हवं होतं, नाहीतर ते सगळं लाकूड नुसतं पडून राहिलं असतं. उशाकडचे दोन उंच खांब मागचे पाय झाले. पुढचे दोन पाय गच्चीवरच्या चौकटीतून निघाले. वर बाकाच्या फळ्या घातल्या असत्या, पण शेवटी पलंगाच्याच घातल्या, काळपट चकाकीची बाजू खाली करून. करवतीच्या खाचा असलेली कड पुढे लावली. गच्चीवर पाय ठेववत नव्हता, इतकी ती तापलेली, म्हणून जोडाजोड मधल्या खोलीतच केली आणि टेबल उभं राहिलं ते त्या फिकट चौकोनावरच. भाऊ रविवारी येऊन वजनाला हात लावून गेला. जाताना टेबलावर दोन्ही तळवे टेकवून उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा पाहाले पाहिजे होते." आई म्हणाली, "पाहून राहिले." त्यानं माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे बघितलं.

डाव्या मागच्या खांबाचा सांधा तोच होता, ढिला, वाजणारा. मी त्यात गोंद घातला नव्हता, पण पाचर अशी ठोकली होती की काय बिशाद हलेल. कामाचं टेबल हललं तर काय कामाचं? त्यावर एक फळी ठेवून मी रंधा मारला. टेबल ढिम्म. आई दारात उभी राहून ऐकत होती. मी मारत राहिले, ती ऐकत राहिली. मग ती वळून आत गेली, तिची पाठ मला दिसली.

मी हातोडी घेतली आणि पाचर पाडली.

इतक्या वर्षांत मुलांना शिकवलं की आवाज म्हणजे कंप, दुसरं काही नाही. ते खरंच आहे. मी पुन्हा रंधा मारला आणि टेबल करकरलं. पुढे रेटताना लांब, मागे घेताना आखूड. आतून कपबशीचा आवाज येत होता, तो थांबला. मी बघितलं नाही, फळीवर डोळे ठेवून रंधा मारत राहिले, हात भरून आले तरी मारत राहिले. थांबले तेव्हा आई भिंतीकडेला सतरंजीवर पडलेली होती. तोंड थोडं उघडं, पदर चेहऱ्यावरून सरकलेला. झोपली होती. मी उठून पंखा एक नंबर वाढवला.

तेव्हापासून दुपारी मी काहीतरी कापते, तासते, आणि आई झोपते. पाट झाला, खुंट्या झाल्या, शेजारणीच्या देव्हाऱ्याचा पाय झाला. आई जेवायला लागली आहे. कधी मी स्वयंपाकघरात असते, टेबलापाशी कोणी नसतं आणि ते करकरतं. कूलरच्या ओलीचं मी आता काही बोलत नाही.

परवा आई उठून बसली आणि म्हणाली, "या टेबलावर पलंग करता येते का वं?"

"कोणाला?"

"माह्या वेळेले द्याले. फोल्डिंग नको आणू माह्यासाठी. चांगला कर. रुंद कर, दोघांचा."

"आई, असलं बोलू नकोस हं! थोबाडीत मारीन." आईला असं म्हणतात का? पण निघून गेलं तोंडातून.

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "मार. पण सुटा कर. गुरुजीच्या जिन्यातून गेला पाहिजे, नाही तं ते पुन्हा फोल्डिंगच मागतीन."

मी दोन दिवस फुगून बसले. मग गच्चीवर जाऊन फ्लेक्स उचलला आणि लाकूड बघितलं. होतं पुरेसं. सागवान. बाबांनी आणलेलं.

काल फळ्या मधल्या खोलीत फरशीवर मांडल्या आणि आईला म्हटलं, "झोप बघू, माप घेते." ती पातळ सावरत आडवी झाली. पार कडेला, भिंतीच्या बाजूला, जिथे तिची सतरंजी असते.

"आई, मधोमध झोप. असं माप कसं घेऊ?"

"मधात कशी झोपू?" म्हणाली. हात पोटावर ठेवले, मान शेजारच्या रिकाम्या फळ्यांकडे वळवली आणि हळूच विचारलं, "अहो, पुरन ना एवढी जागा?"

टेप हातात धरून मीही उत्तराची वाट बघत थांबले.